पाण्याच्या टाकीला बांधलेलं विमान

मंगळवारी सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी अच्युतराव पिंपळखुट्यांनी विमानाचं बटण बंद केलं आणि विमान बंद झालं नाही.

त्यांनी बटण पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. विमानाला काही फरक पडला नाही. भोपाळमधल्या आनंद नगरच्या पारिजात सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या काळ्या टाकीला नायलॉनच्या दोरीने शेपटीकडून बांधलेलं ते लाल-पांढरं विमान जागच्या जागी थरथरत होतं. पंख म्हणाल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वादोन मीटर. नाकातलं पेट्रोल इंजिन इतक्या तब्येतीत गर्जत होतं, की मागच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी आडव्या झाल्या होत्या.

अच्युतरावांच्या पत्नी वासंतीबाई आकडे लिहून घ्यायला वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कानावरचा पदर थोडा सरकवला.

"बंद करा ना आता."

"केलंय बंद."

"मग हे काय होऊन राहिलं?"

अच्युतरावांनी विमानाकडे नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. एखादा विद्यार्थी अपेक्षेपेक्षा जास्त मार्क घेऊन आल्यावर मास्तरांच्या चेहऱ्यावर जे असतं, ते होतं.

"उत्तम होऊन राहिलं," ते म्हणाले.

अच्युतराव मूळचे नागपूरचे. बरखेड्याच्या बाजूला जो वीजयंत्रांचा मोठा कारखाना आहे, तिथे जनरेटरच्या चाचणी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली. बंगल्याएवढी यंत्रं तिथे फिरवून बघत आणि अच्युतरावांची सही झाल्याशिवाय त्यातलं एकही यंत्र फाटकाबाहेर जात नसे. निवृत्त झाल्यावर ते विमानांची मॉडेलं उडवणाऱ्या मंडळात गेले. रविवारी सकाळी रायसेन रोडच्या पुढच्या एका मोकळ्या मैदानावर हे मंडळ जमतं. तिथे पहिल्याच महिन्यात अच्युतरावांना एक गोष्ट खटकली. विमान उडतं पेट्रोलवर, पण त्याची शेपटी हलवणारी छोटी यंत्रं, जमिनीवरून सोडलेला संदेश घेणारा डबा आणि इंजिनाला ठिणगी देणारा भाग, हे सगळं चालतं बॅटरीवर. टाकीत पेट्रोल असतं, इंजिन दमलेलं नसतं, तरी बॅटरी संपायला आली म्हणून चांगलं चाललेलं विमान खाली आणावं लागतं. मग सगळेजण गाडीचं बॉनेट उघडून गाडीच्या बॅटरीवर विमानाची बॅटरी चार्ज करत बसतात.

अच्युतरावांना हा प्रकार अपमानास्पद वाटला. नाकाशी दोन अश्वशक्तीचं इंजिन गरगरतंय आणि त्याच्याच पोटातली बॅटरी उपाशी. त्यांनी मंडळात जाहीर करून टाकलं, की ते इंजिनाच्या मागे बसेल असा मुठीएवढा जनरेटर करणार आणि बॅटरी हवेतच चार्ज करणार. कुणीतरी वजनाची शंका काढली. अच्युतरावांनी आपण दोनशे टनांची यंत्रं हाताळली असल्याचं सांगितलं. शंका त्याच्या उलट होती, पण कुणी वाद घातला नाही.

त्यानंतर नऊ महिने ते जेवणाच्या टेबलावर भिंग लावून, केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेढे गुंडाळत बसले. दोनदा वेढे चुकले, दोनदा सगळं उकललं. तारेचे तुकडे घरभर झाले. एकदा एक साबुदाण्याच्या खिचडीत निघाला. वासंतीबाईंनी तो अच्युतरावांच्या ताटाच्या कडेला, लिंबाशेजारी ठेवला. शेवटी जो जनरेटर तयार झाला त्याचं वजन दोनशे दहा ग्रॅम होतं, आणि आज गच्चीवर त्याने बारा व्होल्टला पाच अँपिअर देऊन दाखवले होते. काम झालं म्हणून अच्युतरावांनी बटण बंद केलं होतं.

ते बंद का झालं नाही, हे त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट पुढे त्यांनी अनेकांना सांगितली. बटण फक्त बॅटरी तोडत होतं. आतापर्यंत ठिणगी बॅटरीतून यायची. बॅटरी तोडली की ठिणगी गेली, इंजिन गेलं. पण आता त्याच तारेवर जनरेटरही आला होता. बॅटरी तोडली तरी जनरेटर इंजिनाला ठिणगी देत होता, आणि इंजिन जनरेटरला फिरवत होतं. दोघांचं एकमेकांवर छान चाललं होतं, तिसऱ्याची गरज उरली नव्हती.

"म्हणजे चुकलं," वासंतीबाई म्हणाल्या. त्या शिवाजी नगरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होत्या.

"चुकलं कसं? बॅटरीशिवाय चालतंय. एवढं तर मी मागितलंही नव्हतं."

"पण थांबणार केव्हा?"

"पेट्रोल संपल्यावर."

"किती भरलं?"

अच्युतरावांनी सांगितलं, की दीड लिटर. विमान किती वेळ हवेत राहू शकतं हे मंडळाला दाखवायचं म्हणून त्यांनी मुद्दाम मोठी टाकी बसवून घेतली होती. हिशेबाने बारा वाजून गेल्यावर थांबायला हवं होतं.

थांबवायचे दुसरे उपाय नव्हते असं नाही, पण ते एकेक करून बाद होत गेले. चाचणीभर वेग एकसारखा राहावा म्हणून पेट्रोल कमीजास्त करणारी दांडी त्यांनी स्वतःच तारेने घट्ट बांधून ठेवली होती, त्यामुळे हातातल्या रिमोटचा उपयोग नव्हता. ती तार, हवा बंद करायची झडप आणि ठिणगीचं टोक, तिन्ही गोष्टी फिरत्या पंख्याच्या मागे वीतभर अंतरावर होत्या. फिरत्या यंत्राजवळ हात न्यायचा नाही, हा पहिला धडा अच्युतरावांनी शेकडो शिकाऊ इंजिनिअरांना दिला होता. पेट्रोलची नळी विमानाच्या पोटाखालच्या झाकणात होती आणि पोट फळीवर आवळून बसवलेलं होतं.

एक उपाय मात्र हाताशी होता आणि तो त्यांनी वासंतीबाईंना सांगितला नाही. आकडे मोजण्यासाठी विमानाच्या शेपटीतून दोन तारा बाहेर काढल्या होत्या, एक लाल, एक काळी. त्या दोघींची उघडी टोकं एकमेकींना टेकवली की जनरेटरचा श्वास कोंडणार, ठिणगी मरणार आणि इंजिन थांबणार. आणि नऊ महिन्यांचे वेढे पापडासारखे भाजून निघणार.

अच्युतरावांनी वासंतीबाईंना वहीत नवं पान काढायला सांगितलं आणि वर 'दीर्घकाळ चाचणी' असं लिहायला लावलं.

पाच मिनिटांत केशवराव बक्षी गच्चीवर आले. ते पहिल्या मजल्यावर राहायचे, ग्वाल्हेरच्या कॉलेजातून निवृत्त झालेले होते आणि सोसायटीचे अध्यक्ष होते. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला साबण.

"पिंपळखुटे साहेब, हे काय आहे?"

"विमान."

"मग उडत का नाही?"

"बांधलंय."

"आणि सोडलं तर?"

"तर उडेल."

केशवरावांनी दोरीची गाठ तपासली. मग खालून चौकीदाराची लाठी मागवून ती पंख्यात घालावी असं सुचवलं. पंख्याचा तुटलेला तुकडा कुठल्या दिशेने आणि किती वेगाने जाईल, हे अच्युतरावांनी त्यांना समजावून सांगितलं. त्या दिशांपैकी एका दिशेला केशवराव स्वतःच उभे होते, म्हणून त्यांनी लाठीचा विषय सोडला आणि टाकीच्या मागे जाऊन उभे राहिले.

खरी अडचण वेगळीच होती. अच्युतराव सोसायटीचे सचिव होते, आणि जनरेटर हा शब्द त्या इमारतीत नुसता उच्चारणंही कठीण व्हावं अशी व्यवस्था त्यांनीच केली होती. जानेवारीत तळमजल्यावरच्या पल्लवी सरवटेने मागच्या बोळात एक छोटा जनरेटर ठेवायची परवानगी मागितली होती. सर्वसाधारण सभेत अच्युतराव त्याविरुद्ध चाळीस मिनिटं बोलले. आवाज, धूर, कंप, असे तीन भाग पाडून बोलले. सभेने दमून नियम चौदा मंजूर केला: इमारतीच्या आवारात कोणत्याही प्रकारचा, आकाराचा वा इंधनाचा जनरेटर चालवता येणार नाही, चालवल्यास संबंधिताने सूचनाफलकावर लेखी खुलासा लावावा. 'कोणत्याही प्रकारचा, आकाराचा वा इंधनाचा' ही शब्दरचना अच्युतरावांची.

अकरा वाजता पल्लवी वर आली. ती मूळची इंदूरची. घरातून ऑनलाइन योग आणि प्राणायाम शिकवायची. आवाज चढवणं तिच्या धंद्यातच बसत नव्हतं, म्हणून तिने पहिली दोन वाक्यं नेहमीच्या मऊ आवाजात म्हटली. ती कुणालाच ऐकू गेली नाहीत. मग तिने मोबाइल पुढे धरला. त्यावर नियम चौदाचा फोटो होता.

"हा जनरेटर नाही," अच्युतराव तिच्या कानाशी ओरडून म्हणाले. "हे विमान आहे."

"विमानात काय आहे काका?"



"जनरेटर," वासंतीबाईंनी सांगितलं.

पल्लवी भांडली नाही. ती भांडली असती तर अच्युतरावांना बरं वाटलं असतं. भांडणाची त्यांची तयारी होती. तिने सांगितलं, की साडेअकराला मेलबर्नच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाचा क्लास आहे. मराठी, हिंदी बोलणारे एकोणीस लोक, आणि आज पहिल्यांदाच घेऊन बघणार आहेत. आवडलं तर पुढे ठेवतील. याआधीचे दोन गट ऐन क्लासमध्ये लाइट गेल्यामुळे सुटले होते. तिचा नवरा समीर सिंगरौलीला नोकरीला होता. जूनपर्यंत इथलं काम नीट चाललं नाही, तर घर बंद करून तिने तिकडे जायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

"मतलब काका, मला आज फक्त एक तास शांतता पाहिजे," ती म्हणाली. "बाकी तुम्ही कधीही उडवा."

अच्युतरावांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती. पेट्रोल बारापर्यंत पुरणार होतं. त्यांना सभेतली आपली चाळीस मिनिटं आठवली. त्यांतल्या एकाही मिनिटात त्यांनी या मुलीला, तुला जनरेटर कशाला हवाय, असं विचारलं नव्हतं.

ते वाकले आणि शेपटीजवळच्या दोन्ही तारा त्यांनी हातात घेतल्या. मोजणीचं यंत्र सोडवलं. एका हातात लाल, एका हातात काळी.

तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला दोन उघड्या तारा म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. वासंतीबाई वही मिटून पुढे आल्या.

"अहो, जळेल ना ते."

"जळेल," अच्युतराव म्हणाले. "पुन्हा गुंडाळू. आता हात बसलाय, सहा महिन्यांत होईल."

त्यांनी मान वळवली, कारण पाहवणार नव्हतं, आणि टोकं जवळ आणायला सुरुवात केली. मधे बोटभर अंतर उरलं असेल. त्याच वेळी समोरच्या इमारतीतली माणसं एकेक करून बाल्कनीत येऊ लागली. मे महिन्यात भोपाळची माणसं सकाळी अकरा वाजता एकाच कारणाने बाल्कनीत येतात. पल्लवीने मोबाइलकडे पाहिलं. लाइट गेले तशी वायफायची खूणही गेली होती.

"काका, थांबा."

अच्युतराव थांबले. पल्लवी त्या दोन तारांकडे बघत होती.

"यातून करंट निघतो ना?"

"साठ वॉट."

"तेवढ्यात राउटर चालतो?"

अच्युतराव सरळ उभे राहिले. चौतीस वर्षं राज्याराज्यांतले मोठे मोठे साहेब त्यांना हाच प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांत विचारत आले होते.

"राउटरला लागतो एक अँपिअर," ते म्हणाले. "माझ्याकडे पाच आहेत."

लॅपटॉप चार्ज होता, केबलवाल्याकडून इंटरनेट येतच होतं. तळमजल्यावर मोबाइलला धड नेटवर्क मिळत नसे, म्हणून सगळं त्या राउटरवर अडलेलं. अच्युतरावांनी माळ्यावरून जाड तारेचं एक वेटोळं काढलं. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत अर्धा व्होल्ट वाटेत खर्च होईल, असं त्यांनी तोंडी काढून सांगितलं, आणि विमानाचं बटण पुन्हा चालू केलं. बॅटरी जोडलेली असली म्हणजे विजेचा दाब हलत नाही. तार खाली सरळ जावी म्हणून वासंतीबाईंनी तिच्या टोकाला खलबत्त्यातला बत्ता बांधून दिला. तक्रार करायला आलेले केशवराव अर्ध्या दाढीने जिने उतरून खाली गेले आणि पल्लवीच्या खिडकीखाली दोन्ही हात पसरून उभे राहिले. पहिल्या खेपेला बत्ता दुसऱ्या मजल्यावरच्या वाळवणात उतरला. दुसऱ्या खेपेला केशवरावांना मिळाला. अकरा सव्वीसला राउटरचे हिरवे दिवे लागले.

राहिला आवाज. ज्याच्यामुळे वीज होती, त्याच्यामुळेच शांतता नव्हती. पल्लवीने खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत चादर कोंबली, पाठीमागच्या भिंतीला गाद्या टेकवल्या. गर्जना गेली, पण भिंतींतून एक सलग, जाड गुणगुण येत राहिली. ती काही केल्या जाईना. घड्याळात अकरा एकोणतीस झाले आणि पडद्यावर एकेक करून एकोणीस चौकोन उघडले. पांढऱ्या केसांची माणसं, अंगात स्वेटर, कारण तिकडे थंडी सुरू झालेली. मंडळाच्या वृंदाताईंनी नमस्कार करून विचारलं, की मागे काहीतरी वाजतंय का.

पल्लवीने ठरवलं होतं सावकाश श्वास मोजण्यापासून सुरुवात करायचं. तिने ते सोडून दिलं.

"हो," ती म्हणाली. "आज आपण भ्रामरी करणार आहोत. डोळे मिटा. हा जो आवाज येतोय, त्याच्यात आपला आवाज मिसळायचा."

गच्चीवर यातलं काही कळत नव्हतं. तिथे दीर्घकाळ चाचणी चालू होती. अच्युतराव दर दहा मिनिटांनी आकडा सांगत आणि वासंतीबाई लिहीत. केशवराव पुन्हा वर आले होते आणि आता पूर्णपणे विमानाच्या बाजूने होते. क्लास साडेबारापर्यंत आणि पेट्रोल बारापर्यंत, हे कळल्यावर तर ते अस्वस्थच झाले. खाली जाऊन त्यांनी स्वतःच्या स्कूटरमधून बाटलीभर पेट्रोल काढून आणलं. अच्युतरावांनी ती बाटली घेऊन जिन्यात, दाराच्या पलीकडे ठेवली. चालत्या इंजिनात पेट्रोल भरायचं नसतं, हा त्यांचा दुसरा धडा होता.

"मग तिचं काय होणार?"

"बघू," अच्युतराव म्हणाले, आणि त्यांनी वासंतीबाईंना पुढचा आकडा सांगितला.

बारा वाजून चार मिनिटांनी इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि थांबलं. पंखा आणखी थोडा फिरून स्थिर झाला. चादरी खाली आल्या. पावणेदोन तासांनंतरच्या त्या शांततेत पलीकडच्या इमारतीतल्या कुकरची शिट्टी एवढी मोठी ऐकू आली, की तिघेही दचकले.

"गेलं बिचारीचं," केशवराव म्हणाले.

अच्युतराव मोजणीच्या यंत्राकडे बघत होते. काटा जागचा हलला नव्हता.

"नाही गेलं. राउटर चालू आहे."

"कशावर?"

"बॅटरीवर. जनरेटरने भरलीय ना ती. काठोकाठ." त्यांचा चेहरा उजळला. हेच तर करायला ते निघाले होते. इंजिन आपलं काम करतं, बॅटरी भरते, आणि इंजिन थांबलं तरी सगळं चालू राहतं. केशवरावांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला.

वासंतीबाईंनी वहीतले आकडे वर-खाली वाचले. "ही किती वेळ चालेल?"

"संध्याकाळपर्यंत आरामात."

"आणि सकाळी किती भरलेली होती?"

"अर्धी."

"म्हणजे दुपारपर्यंत." वासंतीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मग इंजिन बंद करून नुसती बॅटरी खाली लोंबकळवली असती, तरी तिचा क्लास झाला असता. शांततेत."

अच्युतरावांनी मनात आकडे पुन्हा मांडून पाहिले. हिशेबात चूक नव्हती. सगळं आयुष्य वीज तयार करण्यात गेलेल्या माणसाला, ती आधीच डब्यात भरून ठेवलेली आहे, हे सुचलं नव्हतं. तारा जवळ आणताना जर कुणी हे सांगितलं असतं, तर वेढे जळाले असते, पण त्या मुलीला वीज आणि शांतता, हवं होतं ते दोन्ही मिळालं असतं.

"झाला असता," ते म्हणाले.

पल्लवी वर आली तेव्हा पावणेएक झाला होता. अच्युतरावांनी माफी मागायची तयारी करून ठेवली होती. आवाज, धूर, कंप, अशा तीन भागांत नाही, एकाच वाक्यात. पण ते वाक्य बोलायची वेळ आली नाही. पल्लवी टाकीच्या सावलीत जमिनीवरच बसली आणि आधी पाणी मागितलं.

मग तिने सांगितलं. एकोणीस माणसं अर्धा तास त्या आवाजात आवाज मिसळून गुणगुणत होती. आणि बारा वाजून चार मिनिटांनी तो आवाज गेला. पल्लवीला वाटलं, राउटर गेला, सगळं गेलं. पण पडद्यावरचे चौकोन जागेवर होते, आणि त्यातल्या एकाही माणसाने डोळे उघडले नव्हते. अकरा मिनिटं कुणी हललं नाही. शेवटी एक एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ बोलले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली होती. घर तेव्हापासून शांतच असतं, ते म्हणाले, पण ती शांतता चांगली वाटली अशी आजची पहिली वेळ.

अच्युतरावांनी उगाचच दोरीची गाठ सैल करून पुन्हा बांधली.

"सहा महिन्यांसाठी ठरलं," पल्लवी म्हणाली. "दर मंगळवारी. फक्त त्यांची एक अट आहे काका."

"काय?"

"आवाज हाच पाहिजे."

अच्युतरावांनी लगेच उपाय सांगितला. मोबाइलवर आवाज भरून घ्यायचा आणि लावायचा. विमान लागतच नाही. पल्लवीने मान हलवली. वृंदाताईंनी, हे रेकॉर्डिंग आहे का, असं विचारलं होतं आणि पल्लवी खरं बोलून गेली होती. मुद्दाम आमच्यासाठी कुणीतरी तिथे बसून वाजवतंय, ही गोष्ट त्या लोकांना फार भावली होती.

"काय वाजवतात, असं नाही विचारलं?" वासंतीबाईंनी विचारलं.

"विचारलं ना काकू. मी म्हटलं, नागपूरचं वाद्य आहे."

नियमाप्रमाणे अच्युतरावांनी त्याच संध्याकाळी सूचनाफलकावर लेखी खुलासा लावला. तो दीड पानी होता, सोबत आलेख होता, आणि त्यात खेद एका ओळीत संपून बाकी सगळं जनरेटरच्या कामगिरीबद्दल होतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कुणी आलेख पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठिणगीसाठी वेगळं बटण बसवलं. एक जास्तीची बॅटरी पेटीत घालून, वर लाल-काळी टोकं नीट काढून पल्लवीच्या राउटरशेजारी ठेवली आणि लाइट गेल्यावर काय करायचं ते तिला तीनदा करून दाखवलं.

रविवारी विमान उडालं. रायसेन रोडच्या पुढच्या त्या मैदानावर ते चाळीस मिनिटं हवेत होतं, आणि खाली आलं तेव्हा बॅटरी उडण्याआधी होती त्यापेक्षा जास्त भरलेली होती. मंडळातल्या सगळ्यांनी यंत्र लावून आळीपाळीने तो आकडा पाहिला. वजनाची शंका काढणाऱ्याने दोनदा पाहिला. अच्युतराव घरी आले ते शीळ घालत.

पण जानेवारीतली ती सभा त्यांच्या मनातून जाईना. त्यांना वाटलं, आपण त्या मुलीवर अन्याय केला आणि तो कागदावर दुरुस्त झाला पाहिजे. बॅटरीने राउटर चालतो हे ठीक. पण मे महिन्यात तिला पंखा नको, दिवा नको? म्हणून त्यांनी अध्यक्षांना सांगून खास सभा बोलावली, आणि नियम चौदा शिथिल करून ऑनलाइन काम करणाऱ्या सभासदांना छोटा जनरेटर ठेवू द्यावा, असा ठराव स्वतः मांडला. या वेळी ते पंचवीस मिनिटं बोलले. आवाज कसा कमी करता येतो, धूर कसा वळवता येतो, कंप कसा गादीवर घेता येतो, सगळं सांगितलं. शेवटी पल्लवीकडे बघून बसले.

पल्लवीने हात वर केला. तिने काकांचे मनापासून आभार मानले आणि ठरावाला विरोध केला.

"एकाला परवानगी दिली की सगळे ठेवतील," ती तिच्या मऊ आवाजात म्हणाली. "मंगळवारी मधेच दुसरा कुणाचा सुरू झाला, तर माझा क्लास बिघडेल. तिकडच्या लोकांना एकच सूर लागतो. मला तर वाटतं, नियम आहे तसाच राहू द्यावा. थोडा कडकच करावा."

केशवरावांनी विचारलं, की मग मंगळवारच्या विमानाचं काय.

"विमानाबद्दल नियमात काहीच नाही ना," पल्लवी म्हणाली. "काकांनीच लिहिलाय. मी नीट वाचलाय."

मतदान झालं. बारा घरं, घरटी एक मत. पिंपळखुट्यांच्या फ्लॅटच्या कागदांवर पहिलं नाव वासंतीबाईंचं असल्यामुळे त्या घराचं मत त्यांनी दिलं. अच्युतरावांनी त्यांच्याकडे आशेने पाहिलं. वासंतीबाईंनी समोर पाहून हात वर केला.

सभेचं इतिवृत्त लिहिणं सचिवाचं काम. अच्युतरावांनी चष्मा लावला, तारीख टाकली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ठराव बारा विरुद्ध शून्य मतांनी नामंजूर. सूचक, अ. पिंपळखुटे.